तालुक्याचं गाव नगरपंचायत झालं, आता नालीचं पाणी कुठं जातं हे विचारायचं कुठं?

तलावपाळ (धागाकर्ता)

भंडारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. राज्यानं २०१४ मध्ये तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं ठरवलं, त्यात आम्हीही आलो. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आणि गावाचे सतरा प्रभाग. कागदावर आता आपण शहर आहोत. पण बांध्या, म्हणजे धानाची शेतं, अजून घरांना लागून आहेत, बऱ्याच घरांची मागची सांदवाडी शाबूत आहे आणि धान लावायच्या, म्हणजे रोवणीच्या दिवसांत भर दुपारी बाजार ओस पडतो.

मला बोलायचं आहे ते नालीबद्दल. गावात सिमेंटचे रस्ते झाले, दोन्ही बाजूंनी पक्क्या नाल्या झाल्या. काम चांगलं झालं आहे, पावसाळ्यात घरासमोर चिखल होत नाही. पण या सगळ्या नाल्या उतारानं जाऊन आमच्या मामा तलावात उघडतात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. आमच्या तलावावर खालच्या बांध्या भिजतात, ढिवर समाजाची मासेमारी चालते, शिंगाडा होतो. नाली जिथं तलावात पडते तिथं जाऊन उभं राहिलात तर साबणाचा राखाडी फेस, शाम्पूच्या पुड्या आणि पुढं जलपर्णीचा हिरवा पट्टा दिसेल. तो पट्टा दर वर्षी पाण्याकडं सरकत चालला आहे.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभेत उठून विचारता यायचं. आता सभागृहात फक्त नगरसेवक बसतात. मी घटनेचं कलम २४३-एस वाचलं. प्रभाग समित्या सक्तीच्या आहेत त्या ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे खेड्याला ग्रामसभा आहे, मोठ्या शहराला प्रभाग समिती आहे आणि वीस-पंचवीस हजारांच्या गावाला दोन्ही नाही. शहर टिकेल असं चालवायचं म्हटलं की लोक स्मार्ट सिटी, मेट्रो, मोठमोठे प्रकल्प बोलतात. माझ्या मते ते सगळं नंतरचं. घराबाहेर टाकलेल्या पाण्याचं आणि कचऱ्याचं पुढं काय होतं, हे विचारायची हक्काची जागा आधी पाहिजे.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कोणी काही करून पाहिलं आहे का?

पूर्णाकाठ

राजेहो, आमच्या इकडं अकोला जिल्ह्यातही तेच हाय. पयले ग्रामसभेत उभं राहून दोन शब्द बोलता तरी ये. आता मुख्याधिकाऱ्याले भेटाले गेलं तं साहेब मीटिंगले गेले म्हणते. नगरसेवक चांगला असला तं काम होते, नसला तं पाच वर्सं थांबा.

बाजारचौक

तलावपाळ, तुमचा मुद्दा पोचला, पण ग्रामसभेचं एवढं कौतुक मला पटत नाही. मी ग्रामपंचायत पाहिली आहे. कायद्यानं गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढेही यायचे नाहीत. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. रजिस्टर घेऊन शिपाई घरोघरी सह्या मागत फिरायचा.

नगरपंचायत झाल्यावर अभियंता आला, आगीची गाडी आली, रस्त्यावरचे दिवे लागले. पाणीपुरवठ्यासाठी केंद्राच्या अमृत २.० मध्ये नाव आलं. २०२१ ला सुरू झालेल्या या योजनेत सगळी नागरी गावं बसवली होती. गावाची लोकसंख्या वाढली, दुकानं वाढली, भाड्यानं राहणारे नोकरदार आले. एवढा पसारा ग्रामसेवक आणि दोन शिपायांच्या भरवशावर चालला नसता. मागं जायचं नाव काढू नका.

तलावपाळ

बाजारचौक भाऊ, मागं जा असं मी म्हणतच नाही. दिवे, अभियंता, आगीची गाडी हवीच. बोलायची जागा का गेली, एवढंच विचारतो.

धानोरा_रोड

गणपूर्तीवरून सांगतो. मी गडचिरोलीचा. आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढं बांबू विकायचा कसा, पैसा वापरायचा कुठं, हे ग्रामसभा ठरवू लागली. तिथं लोक येतात, कारण ठरवायला खरोखर काहीतरी असतं. निर्णय बहुमतानं न करता सर्वसहमतीनं करतात आणि आधी अभ्यासगटात माहिती घेतात, मग सभेत बोलतात.

सह्या गोळा करणारी ग्रामसभा रिकामी होती कारण कामांची यादी आधीच ठरलेली असायची. लोकांना दोष देण्याआधी हे पाहायला पाहिजे. शहरातही सभेच्या हाती निधीचा एखादा भाग द्या, मग बघा खुर्च्या पुरतात का. पोर्तो अलेग्रे या ब्राझीलच्या शहरानं १९८९ पासून वस्त्यांच्या सभांत बजेट ठरवायला सुरुवात केली. पुणे महापालिकाही २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेते. सतरा प्रभागांच्या गावाला तर हे अजून सोपं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.

वसुली_विभाग_निवृत्त

मी नगरपरिषदेत कर विभागात नोकरी केली. आता हिशोबाचं बोलतो, कारण त्याशिवाय नाली, तलाव, सभा, सगळं हवेत राहील.

लहान नगरपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे घरटॅक्स, पाणीपट्टी, बाजाराचा ठेका आणि गाळ्यांचं भाडं. बाकी सगळं अनुदान. आणि अनुदान कशावर खर्च करायचं ते बरंचसं वरून बांधलेलं येतं. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या काळात दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या रकमेपैकी ६० टक्के बंधित होती, त्यातली अर्धी पाण्यासाठी आणि अर्धी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. म्हणजे तलावपाळ, तुम्ही ज्या कामाबद्दल बोलता त्याच कामाचा पैसा गावात येत होता. तो कशावर गेला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

त्याच आयोगानं अट घातली होती की राज्यानं मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढत राहावी. इथं गाडी अडते. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला पाहिजे. ती निवडणुकीच्या तोंडावर आली की पुढं ढकलली जाते. माळा चढतो, मागं भाडेकरूंच्या खोल्या होतात, समोर दुकान काढतात, आणि रजिस्टरवर अजून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचं कवेलूचं घर असतं. लोक मला म्हणायचे, ‘साहेब, नालीत पाणी तुंबलं आहे, मी टॅक्स कायले भरू?’ मी त्यांना पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवायचो की मोटरपंपाचं विजेचं बिल किती, सफाईवाल्यांची मजुरी किती, दिव्यांचं बिल किती. बरेच जण भरून जायचे. ज्यानं हिशोब पाहिला त्याच्याशी वाद होत नसे.

आता सभेचं. तलावपाळ, तुम्ही घटना वाचली, थोडं पुढं वाचा. राज्यानं २००९ मध्ये महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद घातली आहे. त्या क्षेत्रातले मतदार हेच तिचे सदस्य आणि ती बोलवायची जबाबदारी नगरसेवकाची. मी नोकरीत होतो तिथं कोणी बोलावली नाही आणि कोणी मागितलीही नाही. तुमच्या १९६५ च्या नगरपरिषद व नगरपंचायत अधिनियमाची ताजी प्रत काढा, क्षेत्रसभेचं प्रकरण वाचा आणि त्या आधारे लेखी मागा.

तलावपाळ

साहेब, हे मला माहीत नव्हतं. ही प्रत आजच काढतो.

मेडिकल_समोर

आमच्या इथले मजूर वेगळंच विचारतात. मनरेगा ग्रामीण क्षेत्रापुरती होती, म्हणून नगरपंचायत झाल्यावर जॉबकार्डं पेटीत गेली. रोवणी आणि कापणीच्या मधल्या दिवसांत काम कुठून आणायचं? तलावाचा गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही कामं यांच्याच हातची होती. शहर झाल्याचा सगळ्यात मोठा फटका या घरांना बसला आणि सभागृहात त्यांच्याकडून कोणी बोलत नाही.

पाणी_अभियंता_नागपूर

गाव तिरोड्याजवळचं, नोकरी नागपुरात. पाण्याचं गणित मांडतो, कारण अमृतचं काम सुरू होण्याआधी हे बोललं गेलं पाहिजे.

ग्रामीण जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. शहरी योजना बहुधा १३५ लिटर धरून आखतात. गावात २० हजार माणसं धरा. ५५ नं रोजचे ११ लाख लिटर, १३५ नं २७ लाख लिटर. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं. म्हणजे आधी नालीत पावणेनऊ लाख लिटरच्या आसपास जात होतं, नवी टाकी सुरू झाली की साडेएकवीस लाखांवर जाणार. नळ वाढणार आणि नाली तिथंच उघडणार असेल, तर त्या तलावाचं काय होईल ते तुम्हीच पाहा. पाणी आणण्याची योजना मंजूर होते तेव्हाच पाणी घालवण्याची योजना त्याच टेबलावर असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती नसते, कारण टाकीचं उद्घाटन होतं, सांडपाण्याचं होत नाही.

नागपूरचं उदाहरण चांगलं आहे. भांडेवाडीच्या रोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तेवढं पेंच धरणाचं पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी मोकळं होतं. सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळालं.

तालुक्याच्या गावाला एवढं यंत्र नको आणि परवडणारही नाही. रात्रंदिवस चालणाऱ्या पंपांचं बिल भरायला नगरपंचायतीकडं पैसे नसतात, मग यंत्र गंजून पडतं. लहान गावाला स्थिरीकरण तळी बरी. एकापाठोपाठ एक उथळ तळी, पहिल्यात गाळ बसतो, पुढच्यांत ऊन आणि शेवाळ काम करतं. किंवा मुरूम-गिट्टीच्या थरात पाणवनस्पती लावून त्यातून पाणी सोडायचं. वीज जवळपास लागत नाही. जागा मात्र लागते, आणि जागा म्हणजे विकास आराखडा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. नालीच्या तोंडाशी, तलावाच्या वरच्या अंगाला सांडपाण्यासाठी आरक्षण आहे का, हे त्याच वेळी पाहावं लागतं. एकदा तिथं ले-आउट पडलं की विषय संपला.

बचत_गट_ताई

पाणी झालं, आता कचऱ्याचं ऐका. आमच्या गटाच्या बाया नगरपंचायतीच्या शेडवर कचरा निवडायचं काम करतात. मीही करते.

घंटागाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत. पण घरातून एकाच बकेटीत सगळं येतं. मग गाडीवरचा पोरगा तरी काय करणार बाप्पा, एका कप्प्यात ओतून देतो. आमच्या हाती येतं तेव्हा भाताच्या चिकट्यात सुई, फुटलेली बाटली, डायपर सगळं असतं. हातमोजे पंधरा दिवसांत फाटतात, दुसरे येईपर्यंत महिना जातो. आणि एक लहान गोष्ट सांगते. दुधाची पिशवी सगळे कात्रीनं कोपरा कापून उघडतात. पिशवी सुक्यात जाते, पण तो नखाएवढा कोपरा ओल्यात पडतो आणि तो काही केल्या निवडता येत नाही. कोपरा पूर्ण कापू नका, थोडा लोंबता राहू द्या. एवढं जरी सगळ्या घरांनी केलं तरी आमचं अर्धं काम हलकं होईल.

मी माझ्या गल्लीत हे घरोघरी जाऊन सांगितलं. बायांना पटलं. ज्या घरात मी बसून चहा घेतला तिथून आता वेगळा कचरा येतो. भिंतीवर रंगवलेल्या पाट्या मात्र कोणी वाचत नाही.

छत्तीसगडच्या अंबिकापूरचं नाव आमच्या प्रशिक्षणात ऐकलं. तिथं बचत गटाच्या बायाच घरोघरी कचरा घेतात, वस्तीतल्या केंद्रावर निवडतात आणि विकून त्यातून कमावतात. जुन्या कचरा डेपोच्या जागी त्यांनी बाग केली. आम्हाला वेळेवर मजुरी आणि हातमोजे मिळाले तर आम्हीही करू शकतो.

कोरडवाहू_नाही_धानवाला

ताई, तुम्ही बोलल्या ते बरं झालं, कारण तुमच्या शेडमधून निघालेलं खत माझ्या बांधीत पडतं.

गावाचं खत स्वस्तात मिळतं म्हणून मी ट्रॉलीभर आणून टाकलं. चिखलणी झाली, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं काढली, रोवणीला बाया उतरल्या. रोवणी अनवाणीच करतात, चिखलात चपला चालत नाहीत. दुपारच्या आत एका बाईच्या तळपायात काच गेली. चिखलात रक्त दिसतही नाही, तिनं पाय वर काढला तेव्हा कळलं. काच ट्यूबलाइटची होती. रोवणीचा हंगाम गेला तिचा, आणि त्या दिवसांतच तर चार पैसे मिळतात.

तेव्हापासून मी ते खत घेत नाही. शेजारचेही घेत नाहीत. मग ते खत शेडवर पडून राहतं, शेड भरलं की ओला कचरा पुन्हा डेपोत, आणि डेपो माझ्या धुऱ्यालाच लागून आहे. उन्हाळ्यात तो धुमसतो तेव्हा घरात खिडक्या लावून बसावं लागतं.

शहराच्या शाश्वत कारभाराचं बोलता आहात म्हणून सांगतो. शहराचा ओला कचरा परत मातीत गेला तरच तो संपतो. मातीत घेणारा मी आहे, शेतकरी. मला विश्वास वाटेल असं खत द्या, मी पैसे देऊन नेतो. माझी बांधी नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर आहे म्हणून मला मत नाही, सभाही नाही.

पाणी_अभियंता_नागपूर

धानवाले भाऊ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. नियमांत याचं उत्तर आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं होतं. ट्यूबलाइट त्यात घातकमध्ये धरली होती. शहराच्या कंपोस्टची मानकं खत नियंत्रण आदेशात आहेत, आणि त्या कसोटीला उतरलेल्या खताला राज्य ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ हे नाव वापरू देतं. तुम्ही ट्रॉली भरण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. अहवाल नसेल तर खत घेऊ नका आणि तसं लेखी कळवा.

बाजारचौक

काचेचं वाचून वाईट वाटलं. आमच्या दुकानाच्या ओळीतून किती ट्यूब आणि बाटल्या निघतात ते मला माहीत आहे. दुकानदारांचा कचरा वेगळा गोळा व्हावा म्हणून व्यापारी संघात विषय घेतो. घातक वस्तूंसाठी एक पेटी आम्ही आमच्या खर्चानं ठेवू, ती उचलायचं मात्र नगरपंचायतीनं लिहून द्यावं.

तलावपाळ, क्षेत्रसभा मागणार असाल तर माझी सही धरा.

शिंगाडा

आमच्या भागात ढिवर समाजाच्या बायांनी तलावातलं बेशरम नावाचं तण उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, मासे परत वाढले. हे काम होऊ शकतं. पण वरून नाली सुरू राहिली तर सगळी मेहनत पाण्यात जाते. मासेमारी संस्थेलाही सभेला बोलवा. तलावाचं खरं रोजचं ज्ञान त्यांच्याकडं आहे.

तलावपाळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून अर्जाचा मसुदा केला. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेला देणार, प्रत मुख्याधिकाऱ्यांना. विषय तीनच ठेवले:

नवीन पाणीपुरवठा योजनेनंतर वाढणाऱ्या सांडपाण्याची सोय काय, आणि विकास आराखड्यात नालीच्या तोंडाशी त्यासाठी आरक्षण आहे का.

बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेवर गेल्या तीन वर्षांत काय खर्च झाला, कामनिहाय.

शेडवरच्या खताची तपासणी होते का, आणि निवडणाऱ्या महिलांना हातमोजे व मजुरी वेळेवर मिळते का.

वसुली_विभाग_निवृत्त

मसुदा चांगला आहे. दोन सुधारणा करा. अर्ज तोंडी किंवा फोनवर नको, आवक-जावकला देऊन पोचपावती घ्या, तारखेचा शिक्का पाहून घ्या. आणि खर्चाची माहिती सभेत तोंडी मिळेल या भरवशावर राहू नका. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे ती त्यांनी स्वतःहून जाहीर करायची असते, ते वाक्य अर्जात घाला. मिळाली नाही तर रीतसर माहितीचा अर्ज टाका, म्हणजे सभेच्या दिवशी आकडे हातात असतील.

बचत_गट_ताई

दादा, सभा रोवणीच्या आधी घ्या आणि संध्याकाळी सातनंतर. दुपारी घेतली तर मजूर बाया येणार नाहीत, आणि मग पुन्हा तेच होईल. तिसरा विषय पहिला ठेवता आला तर ठेवा. उशीर झाला की बायांना स्वयंपाकासाठी उठून जावं लागतं.

तलावपाळ

ठेवला, ताई. धानवाले भाऊ, तुम्ही हद्दीबाहेरचे असलात तरी खत तुम्ही घेता, तुम्हाला निमंत्रित म्हणून बोलवावं असं अर्जात लिहिलं आहे. सोमवारी देतो, पोचपावती मिळाली की तारीख इथंच टाकतो.

पूर्णाकाठ

भाऊ, अर्जाचा नमुना इथं टाकजा. आमच्याही प्रभागात देऊन पाहतो.